कोटिंगमधलं खरं काम धुण्याचं

लेयर-बाय-लेयर, म्हणजे काच आलटून पालटून दोन द्रावणांत बुडवून एकेक थर चढवत फिल्म करायची पद्धत, म्हटलं की सगळे हेच विचारतात, कितीदा बुडवलं, किती मिनिटं ठेवलं, कण कुठले घेतले. मधल्या धुण्याबद्दल कोणी विचारत नाही. पेपरमध्येसुद्धा ते अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं. पण मला विचाराल तर फिल्म साफ येणार की दुधाळ, हे बऱ्याचदा धुण्यावरच ठरतं.

तत्त्व तसं साधंय. पाण्यात काचेच्या पृष्ठभागावर निगेटिव्ह चार्ज असतो, पॉझिटिव्ह कणांच्या द्रावणात बुडवली की ते येऊन चिकटतात, आणि थर भरत आला की वरचा चार्जच उलटा होतो म्हणून पुढचे कण ढकलले जातात आणि मामला आपोआप थांबतो. मग धुवायचं, निगेटिव्हवाल्यात बुडवायचं, परत धुवायचं. ड्यूपाँटमधल्या आयलरने 1966 मध्येच कोलॉइडच्या (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म) कणांवर हे दाखवलं होतं, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही, नव्वदच्या दशकात डेखर आणि मंडळींनी चार्जवाले पॉलिमर वापरून केलं आणि मग सगळे तुटून पडले.

मेटल ऑक्साइडमध्ये मजा अशी की चार्ज कणाचा कायमचा नसतो, पीएच ठरवतो. सिलिकाचा (सिलिकॉन डायऑक्साइड) चार्ज पीएच 2-3 च्या आसपास शून्य होतो, टिटॅनियाचा (टायटॅनियम डायऑक्साइड) साधारण 6 ला, झिंक ऑक्साइडचा 9 च्या आसपास. म्हणजे पीएच 3 ते 4 ला टिटॅनिया चांगला पॉझिटिव्ह आणि सिलिका थोडी निगेटिव्ह, दोघं एकमेकांना धरतात, मध्ये पॉलिमरची गरजच नाही. एमआयटीच्या रुबनर आणि कोहेन यांच्या ग्रुपने 2006 मध्ये अशीच नुसत्या कणांची फिल्म केली होती, जी परावर्तन कमी करते आणि धुकंही धरू देत नाही. (झिंक ऑक्साइडला मात्र या पीएचला नेऊ नका, विरघळून जाईल.)

आता धुण्याकडे. डीआय पाणी (आयन काढून टाकलेलं शुद्ध पाणी) म्हणजे न्यूट्रल असं आपण धरून चालतो, पण उघड्यावर ठेवलेलं डीआय पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून साधारण 5.6 पीएचला येतं. बाथ, म्हणजे बुडवायचं कणांचं द्रावण, पीएच 3 चा आणि धुवायला हे पाणी, म्हणजे आत्ताच बसलेला टिटॅनिया तुम्ही थेट चार्ज जवळजवळ शून्य होतो तिथे नेऊन ठेवला, मग कण सुटतात नाहीतर गठ्ठे होतात. म्हणून धुण्याचं पाणीही बाथच्याच पीएचला आणायचं. दोन थेंब ॲसिडचं काम आहे पण टाळलं जातं.

दुसरं म्हणजे एकाच बीकरमध्ये किती वेळ धुणार? थोड्या वेळाने ते पाणीच पातळ बाथ झालेलं असतं, त्यातून कण समोरच्या बाथमध्ये जातात, तिथे विरुद्ध चार्जवाल्यांना भेटून गाळ होतो आणि तो गाळ फिल्मवर बसतो. दोन-तीन बीकर ओळीने ठेवा, पाणी बदलत रहा, आणि पॉझिटिव्ह बाथनंतरची आणि निगेटिव्ह बाथनंतरची बीकर वेगळी, यावर तडजोड नाही.

सिलार पद्धतीत, म्हणजे कणांऐवजी आयन आलटून पालटून बसवतात ती निकोलाऊची 1985 ची पद्धत, तिथे तर हे आणखी नाजूक. कमी धुतलं तर आयन पृष्ठभागाऐवजी द्रावणातच रिॲक्ट होऊन पावडर पडते, जास्त धुतलं तर बसलेलेही निघून जातात आणि जाडी वाढतच नाही.

किती धुवायचं हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स (कंप पावणाऱ्या क्रिस्टलवर बसलेलं अगदी थोडं वजनही त्याच्या फ्रिक्वेन्सीवरून मोजणारं उपकरण) असेल तर तो लावा. कण बसताना फ्रिक्वेन्सी उतरते, धुताना सैल कण निघाले की थोडी वर चढते, आणि सपाट झाली की थांबायचं. फक्त बाथमध्ये मीठ बरंच असेल तर पाण्यावर जाताच द्रवाची घनता आणि चिकटपणा बदलल्यामुळेही फ्रिक्वेन्सी उडी मारते, ती उडी कण सुटल्याची नाही. त्यामुळे कोऱ्या क्रिस्टलवर आधी कणांशिवायचं, तेवढंच मीठ असलेलं द्रावण आणि मग पाणी सोडून ती उडी किती येते ते बघून ठेवा.