फोंड्याहून नागपूरला बेस गिटार पाठवताना

"बिल खंय?"

कुरिअरच्या काउंटरवर हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की आता कुठेही पार्सल द्यायला गेलो की मीच आधी सांगून टाकतो: बिल नाही, आणि असणारही नाही. वस्तू माझी आहे, वापरलेली आहे, मी दुकानदार नाही. एवढं साधं वाक्य आपल्याकडच्या कुठल्याच फॉर्ममध्ये मावत नाही, असं माझं मत झालंय.

वस्तू म्हणजे फेंडर कंपनीचा जपानी बनावटीचा जॅझ बेस गिटार, नव्वदच्या दशकातला. जॅझ बेस हे मॉडेल 1960 चं. फेंडरनं जपानमध्ये वाद्यं बनवायला सुरुवात केली 1982 मध्ये, आणि त्या जपानी वाद्यांमागे वेडे झालेले लोक जगभर आहेत. मी त्यातलाच एक. पण घरात दोन जॅझ बेस, त्यात आजोबांचा पखवाज आणि आईची पेटी. एकाला जावंच लागणार होतं. नागपूरचा एक मुलगा तयार झाला, अडुसष्ट हजारांत. व्हिडिओ कॉलवर त्यानं प्रत्येक फ्रेट (दांड्यावरची धातूची पट्टी) वाजवून घेतली. हे चांगलं गिऱ्हाईक. जो काहीच न विचारता "फायनल किती?" म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणाऱ्यापासून तर दहा हात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

तर बेस हार्ड केसमध्ये, केस खोक्यात, खोकं गाडीत, आणि मी काउंटरवर. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली. अर्ध्या गोव्याचे मुंबई-पुण्याचे नातेवाईक काहीतरी पाठवत होते आणि अर्धे मागवत होते.

"बिल खंय?"

सांगितलं, जुनी वस्तू आहे. मुलगा वाईट नव्हता. "बाब, बिल नासल्यार सिस्टीम घेना." मग म्हणाला, किंमत पन्नास हजारांच्या वर असेल तर ई-वे बिलही, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागेल. मी जीएसटीत नोंदलेला नाही; घरातली वापरलेली वस्तू विकणाऱ्या माणसानं जीएसटीचं बिल कुठून आणायचं? ई-वे बिलाच्या नियमांत वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती सामानाला सूट आहे, हे मी मोबाइलवर काढून दाखवलं. त्यानं ते वाचलंही, आणि मग नम्रपणे म्हणाला की त्याच्या स्क्रीनवर "सूट" असं बटण नाही.

पुढचा सल्ला त्यानं हळू आवाजात दिला: किंमत वीस हजार लिहा, सगळे तसंच करतात. इथे मात्र मी अडलो, आणि तुम्हीही अडा. वाटेत खोकं फुटलं किंवा हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीपर्यंतच मिळणार. शिवाय पावतीवर "ओनर्स रिस्क" असं छापलेलं असतं, म्हणजे नुकसान तुमचं. "कॅरिअर्स रिस्क" हवी असेल तर जास्तीचे पैसे भरावे लागतात आणि त्यासाठी खरी किंमत दाखवावी लागते. अडुसष्ट हजारांच्या वस्तूवर वीस हजार लिहून पाचशे रुपये वाचवणारे लोक मला कळत नाहीत.

खोकं घेऊन परत घरी. मग दुसरं काउंटर, तिथेही तेच. पुन्हा पहिलं. दर वेळी खोकं गाडीतून काढा, आत न्या, बाहेर आणा, आणि वरून पाऊस. शेवटी मी हट्टानं म्हटलं, तुमच्या वरच्या साहेबांना फोन लावा. वेर्ण्याच्या हबवरचे साहेब फोनवर आले, मी पुन्हा सगळी कथा सांगितली, आणि ते काउंटरवरच्या मुलाला म्हणाले: "अरे, तो डिक्लेरेशनचा फॉर्म दे ना त्यांना." फॉर्म त्याच ड्रॉवरमध्ये होता. सगळ्यात खालच्या. छापील. इतका वेळ.

मला राग आला की हसू, ते आजही ठरत नाही. फॉर्मवर एवढंच लिहायचं होतं: वस्तू वापरलेली आहे, पाठवणारा जीएसटीत नोंदलेला नाही, अंदाजे किंमत अमुक, आणि खाली सही. सोबत आधारची आणि पॅनची झेरॉक्स. तेव्हा तुमच्यासाठी: काउंटरवर जाण्याआधी असं पत्र घरूनच दोन प्रतींत टाइप करून न्या. त्यात वाद्याचा सिरियल नंबर घाला आणि खोक्यात भरण्याआधीचे फोटो स्वतःकडे ठेवा. "बिल" म्हणाले की "घोषणापत्र" म्हणा. फॉर्म आहे का, असं विचारू नका. "फॉर्म द्या" असं म्हणा.

आता वजनाचं. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि आकाराचं वजन मोजतात, आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले बहुतेक ठिकाणी 5000. माझं हार्ड केसचं खोकं 130 बाय 45 बाय 20, म्हणजे 23.4 किलो. प्रत्यक्षात अकराच्या आसपास! फॉर्मच्या आनंदात मी तेवढ्या वजनाचे पैसे भरून टाकले. पण बेसचा नेक, म्हणजे दांडा, चार स्क्रूंनी बसवलेला असेल (फेंडरचे जॅझ आणि प्रिसिजन तसेच असतात) तर तो काढून बॉडीशेजारी गुंडाळून ठेवता येतो. खोकं 90 बाय 40 बाय 20 चं झालं तरी हिशेब 14.4 किलोवर येतो. नेक-थ्रू बेसला, म्हणजे दांडा बॉडीतून आरपार गेलेल्या बेसला, हे चालत नाही, आणि घेणाऱ्याला स्क्रू ड्रायव्हरची भीती वाटत असेल तरी नको. नागपूरच्या मुलानं सरळ "नको" सांगितलं होतं.

एक राहिलं. आपल्याकडच्या पावसात नेक हलतो. जूनमध्ये सरळ असलेला ऑगस्टमध्ये वाकलेला असू शकतो, आणि नागपूरच्या तुलनेनं कोरड्या हवेत पुन्हा वेगळा वागेल. ट्रस रॉडची (नेकमधल्या, त्याचा बाक जुळवायच्या सळईची) किल्ली केसमध्ये टाका, सिलिका जेलच्या पुड्याही टाका. तारा पूर्ण उतरवू नका, जरा सैल केल्या की पुरे. आणि घेणाऱ्याला आधीच सांगा की एकच पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग) उघडा ठेवला तर गुणगुण येणार. दोन्ही पूर्ण उघडले की जाते. अशा एकाच कॉइलच्या पिकअपचा तो स्वभावच आहे, बिघाड नव्हे. हे आधी न सांगितलं तर रात्री अकराला व्हॉइस नोट येते.

विकायचं असेल तर ऑक्टोबरची वाट बघा, असंही मी म्हणेन. मे संपता किनाऱ्यावरचे शॅक बंद होतात, वाजवणाऱ्यांची कामं थांबतात, आणि जून-जुलैत गोव्यातले निम्मे बेस आणि अँप्लिफायर एकदम बाजारात येतात. घ्यायचं असेल तर मात्र तेच दिवस. मी माझा जुना बॉस कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) असाच भर पावसात घेतला होता.

बेस नागपूरला नीट पोचला, एक ओरखडाही नाही. मुलगा खूश.

त्यानंतर मी त्याच काउंटरवर एक फझ पेडल, तसंच आवाज बदलणारं, घेऊन गेलो, मडगावहून बंगळुरूला गेलेल्या एका मित्रासाठी. लहानसं खोकं, घोषणापत्र दोन प्रतींत, आधार, पॅन, सगळं हातात. काउंटरवरच्या मुलानं कागदांकडे पाहिलंही नाही.

"बाब, भितर बॅटरी आसा?"

नऊ व्होल्टची होती, पण मी ती घरीच काढून ठेवली होती. पेडल पाठवताना तसंही काढावीच. गळली तर आतलं सर्किट खराब करते. नाही म्हटलं. त्यानं शिक्का मारला. नव्वद रुपये.