कासव, भाग ४: एका खाचेला ७ पल्स!

मंडळी, चाललं एकदाचं आमचं कासव, म्हणजे बटणं दाबून पोरं प्रोग्रॅम करतात तो चाकांचा रोबो! एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारे सेन्सर) बसवले म्हणून गेल्या वेळी मिरवून गेलो, त्यानंतर तीन शनिवार नुसती शोभा झाली. हिशोब आठवतोय ना, चाक ६५ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात साधारण २०४ मिमी, चकतीला २० खाचा, म्हणजे खाचेमागे १०.२ मिमी आणि एक पल्स (सेन्सरचा एक विजेचा ठोका). 'पुढे'चं बटण एकदा दाबलं की १५ पल्स, १५ सेंमीचा एक चौकोन. घरी ठोकळ्यावर ठेवून चाकं हवेत फिरवली की मोजून १५, आणि शाळेच्या फरशीवर बेटं कधी १० सेंमीवर थांबतंय कधी ८ वर, वळताना तर एक चाक आधी थांबून दुसरं गिरकी घेतंय. "काका, कासवाक भोवळ इली!" अख्खी दुसरी हसून लोळतेय.

आधी सेलवर संशय घेतला. मग मोटर चालवणाऱ्या एल२९८एनवर (दोनेक व्होल्ट खातोच तो, पुढच्या वेळी त्याच्या जागी टीबी६६१२). मग खारी हवा म्हणून सगळ्या पिना घासल्या. कोडमध्ये ४ मिलिसेकंदांच्या आतली पल्स सोडून दिली, थोडं सुधारलं, पण खोड गेली नाही. शेवटी वैतागून सिरीयल मॉनिटर (बोर्ड काय मोजतोय ते संगणकावर दाखवणारी खिडकी) उघडला आणि चाक हाताने हळूच फिरवलं, तर एका खाचेला ७ पल्स! तिथे ट्यूब पेटली. खाचेची कड सेन्सरसमोरून सावकाश गेली की त्यातला एलएम३९३ (उजेड की अंधार ते ठरवणारी चिप) काठावर हो-नाही-हो-नाही करत बसतो. हवेत चाक झपकन जातं म्हणून कळत नव्हतं, फरशीवर वजन आलं की मंद होतं आणि खोटी मोजणी वाढते. सेन्सरच्या डीओ (डिजिटल आउटपुट) आणि ग्राउंड पिनांमध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर डकवला, ही थरथर त्याने गिळली, खलास. ज्या ऑनलाइन दुकानातून सेन्सरची मॉड्यूल घेतली त्यांच्या फोटोत हा कपॅसिटर आहे बरं का, हातात पडली त्यात नुसती मोकळी जागा.

पण जिवाला लागलं ते वेगळंच. एका पोरीचा प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून बरोबर होता, वहीत बाण काढलेले, पुढे पुढे डावीकडे पुढे. कासव आखूड थांबलं म्हणून तिने जादा पुढे घातला, मग आणखी एक, मग ते डावीकडेही खोडलं. बग माझ्या बोर्डवर आणि खाडाखोड तिच्या वहीत. या शनिवारी तिचा पहिलाच प्रोग्रॅम लावला, कासव सरळ समुद्राच्या चौकोनात. काही न बोलता तिने परत उचलून सुरुवातीला ठेवलं. चार वेळा.

आणि हो, दोन चाकांमधलं अंतर १३ सेंमी निघालं, म्हणजे काटकोनात वळायला प्रत्येक चाक १०.२ सेंमी, बरोब्बर १० खाचा! ठरवून जमलं नसतं.

आता लाइन फॉलोअर (रेघ धरून चालणारा रोबो) करणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय, नकोच. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं सोडताना यातल्या बऱ्याच पोरांनी पाहिलंय, पिल्लं उजेडाकडे जातात, रात्री समुद्राकडचं क्षितिज उजळ असतं म्हणून. मग कासवाला दोन एलडीआर (उजेड ओळखणारे सेन्सर) लावू, डावीकडे उजेड जास्त तर डावीकडे वळ. 'जर-तर' शिकवायला याहून सोपं काय? कोणीतरी मोबाईलचा टॉर्च धरून फसवणारच, तेव्हा पिल्लांना असंच फसवणाऱ्या किनाऱ्यावरच्या दिव्यांचंही बोलता येईल.

एकच घोळ, वर्गाला मोठी खिडकी आहे, सगळी कासवं तिकडेच पळणार. समुद्र त्याच भिंतीला काढतो झालं. कोणाकडे ५५१६ नंबरचे एलडीआर पडलेत का, दोनच हवेत?