धुऱ्यापलीकडचं वावर नको, आपलीच वही पाहा

कापूस घरात यायला लागला की पारावर एकच विचारणा: "तुले एकरी किती झाला गा?" शेजाऱ्याचा आकडा ऐकून जीव खालीवर होतो. पण त्याचं वावर काळं कसदार, विहिरीचं पाणी असलेलं. आपलं बरड, वरच्या पावसावरचं. त्या आकड्यातून आपण यंदा काय सुधारलं, हे कळायचा मार्गच नाही. ताडून पाहायचं ते आपल्याच कामाशी.

तेही नुसतं मागच्या सालाशी नाही. पाऊस दरवर्षी निराळा, आणि चांगल्या पावसाचं श्रेय माणूस स्वतःच्या हुशारीला देऊन टाकतो. म्हणून एका हंगामात एकच गोष्ट बदला आणि त्याच वावरात एक पट्टा जुन्या पद्धतीनं ठेवा. दोन्हीकडे, धुऱ्यापासून (बांधापासून) चार-पाच ओळी आत, 33 बाय 33 फूट आखून खुंट्या ठोका. हा झाला एक गुंठा. चार बाय एक फुटावर लागवड असेल तर त्यात साधारण 272 झाडं बसतात. मोजा, तुटाळ, म्हणजे झाडं नसलेल्या रिकाम्या जागा, तिथंच दिसेल. सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) करून वेचणी सुरू झाली की या दोन गुंठ्यांचा कापूस दरवेळी वेगवेगळ्या गाठोड्यांत बांधा. वेचायचं दव सुकल्यावर. ओला कापूस वजनाला खोटा भरतो. एका गुंठ्याच्या सगळ्या वेच्यांची बेरीज गुणिले 40 म्हणजे एकरी उतारा. गुंठ्यात 22 किलो निघाला तर एकरी 8 क्विंटल 80 किलो. बहुतेकांचं फसतं ते दुसऱ्या वेच्याला: घाईत गाठोडी एक होतात. वेचणाऱ्या बायांना रोज सकाळी खुंट्या दाखवा. आणि शेजारच्या रकान्यात खर्च लिहाच. उतारा वाढून हातात कमी उरलेलं साल वहीशिवाय लक्षात येत नाही.

बचत गट चालवणाऱ्या ताईंनाही अशीच वही हवी. दुसऱ्या गटाला किती कर्ज मिळालं, हे विचारून आपला गट सुधारत नाही. बैठकीत एकीनं नावापुढे रेघा ओढाव्या: कोण किती वेळा बोललं. अध्यक्षाच्या 30 रेघा आणि सात जणींच्या शून्य, तर पुढच्या महिन्यात आधी त्या सातजणींना विचारायचं, आपण शेवटी बोलायचं. ही नावं सगळ्यांसमोर वाचू मात्र नका. गप्प बसणारीचा हप्ता थकलेला असू शकतो, ती मग यायचीच बंद होईल. तीन महिन्यांनी एका बैठकीला मुद्दाम गैरहजर राहा. दुसऱ्या दिवशी वही उघडा: बचत जमा झाली का, वसुली लिहिली का, कर्ज कोणाला द्यायचं ते ठरलं, की "ताई आल्यावर पाहू" म्हणून राहिलं?