दोन सूत

आमचं फाटक उचलून लावावं लागायचं. सांगलीतल्या शामरावनगरची काळी माती. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात भेगाळते, आणि फाटकाचा डावा खांब तिच्या तालावर कधी आत झुकतो, कधी बाहेर. कडीचा दांडा आणि खांबातलं भोक यांच्यात दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक पडला होता. घरात सगळ्यांना सवय झालेली. एका हातानं फाटक वर घ्यायचं, दुसऱ्यानं कडी सरकवायची. माझं कुपवाड एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकाचा जॉब केसभर चुकला तरी रिजेक्ट होऊन परत येतो. स्वतःच्या फाटकाचे दोन सूत मात्र मी आठ महिने "येत्या रविवारी बघू" म्हणत ठेवून दिले.

ब्रूनो हा आमचा रॉटविलर, वजन बेचाळीस किलो. मुलगा पुण्यात नोकरीला असताना त्यानं तो पंचेचाळीस दिवसांचा असताना घेतला. पुढं बदली बेंगळुरूला झाली आणि कुत्रं आमच्याकडं आलं. "फक्त दोन महिने, पप्पा." त्याला आता तीन वर्षं झाली. ब्रूनो हे नाव बायकोच्या जिभेवर कधी बसलंच नाही, ती त्याला बाळ्या म्हणते. घरात तो खरोखर बाळ्याच आहे. कुकरच्या शिट्टीला घाबरून कॉटखाली शिरतो. त्यामुळं आल्यागेल्याला मी बिनधास्त सांगायचो, "या या, काही करत नाही तो."

त्या दिवशी सकाळी दुकानातून दही आणलं आणि दोन्ही हातात पिशव्या असल्यानं फाटक नुसतं पायानं लोटलं. बाहेरून बघितलं तर बंदच वाटायचं. अर्ध्या तासानं कुरियरवाला आला. आत आलाही नव्हता बिचारा, रस्त्यावर गाडीशेजारी उभं राहून हाक मारत होता. ब्रूनोनं छातीनं धक्का दिला, फाटक उघडलं. मी आंघोळीतून तसाच टॉवेलवर बाहेर आलो तेव्हा पोरगा गटाराच्या कडेला बसला होता, उजव्या पोटरीची पँट फाटलेली, आणि कुत्रं त्याच्यापासून पाच फुटांवर शेपूट हलवत उभं. ते शेपूट मला अजून दिसतं.

बायको हळदीचा डबा घेऊन धावली. समोरच्या घरातल्या ताई नर्स आहेत, त्या गॅलरीतूनच ओरडल्या, "वहिनी, हळद नको! नळाखाली धरा पाय. साबण लावा. घड्याळ बघून पंधरा मिनिटं!" हळदीच्या पेठेच्या गावात हळद नको म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. पण त्यांनी खाली येऊन समजावलं ते पटलं. हळद, चुना, तिखट असलं काही जखमेत भरलं की जखम चिघळते आणि लाळेतला विषाणू धुऊन जायच्या ऐवजी आतच राहतो. साबण आणि वाहतं पाणी, पहिला उपाय हाच. पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ असतो ते नळाखाली कुणाचा तरी पाय धरून बसल्यावर कळतं. आठव्या मिनिटाला पोरगा म्हणाला, "काका, पार्सलं राहिल्यात वं गाडीवर."

तिथून सिव्हिलला. पोरग्याची भीती एकच, बेंबीत चौदा इंजेक्शनं. तो काळ कधीच गेला. आता दंडाच्या कातडीत, दोन्ही हातांवर, शून्य दशांश एक मिलीची दोन टोचणी, आणि तीही चार दिवशी: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. मोजताना लस सुरू केल्याचा दिवस शून्य धरतात, इथं माझा गोंधळ होणार होता म्हणून डॉक्टरांनी कागदावर तारखाच लिहून दिल्या. त्यांनी जखम बघितली, दातांच्या दोन खुणा, रक्त आलेलं. म्हणजे तिसरी श्रेणी. नुसतं चाटलं आणि कातडी शाबूत असेल तर पहिली, खरचटलं पण रक्त नाही तर दुसरी, आणि कातडी फाटून रक्त आलं की तिसरी. तिसरीत लसीबरोबर सीरमही लागतं, आणि ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. लस अंगात काम सुरू करायला काही दिवस घेते, तेवढ्या वेळात जखमेतच विषाणूला अडवायचं काम सीरमचं. हे सगळं ऐकायला सोपं आहे. उघड्या जखमेत सुई जाते तेव्हा समोर उभं राहणं सोपं नाही. त्यानं माझं मनगट धरलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यावर त्याच्या बोटांचे वळ होते.

"कुत्र्याचं लसीकरण झालंय का?"

"हो, दरवर्षी," मी ठामपणे म्हणालो.

घरी येऊन फाईल काढली. कार्डावर पुढची तारीख लिहिली होती तिला चार महिने उलटून गेलेले. गाडीचा पीयूसी संपला तर दंडाच्या भीतीनं दुसऱ्या दिवशी काढतो आपण. हे कार्ड कपाटात मेथीच्या पाकिटांखाली होतं.

त्या रात्री झोप नव्हतीच, मोबाईल हातात घेतला. रॉटविलर, बंदी, तेवीस जाती, सरकारी आदेश. छातीत धस्स झालं. सकाळी भाच्याला फोन केला, तो सांगलीतच वकिली करतो. त्याला माझ्या आधीच असे चार फोन आले असावेत, कारण न थांबता त्यानं सांगितलं. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटविलर, केन कोर्सो, टोसा इनू अशा तेवीस जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा, आणि आधीपासून लोकांकडं असलेल्यांची नसबंदी करा. पण संबंधितांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याच एप्रिलमध्ये ते रद्द केलं, पाठोपाठ १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयानंही. "म्हणजे मामा, कुत्रं तुमच्याकडनं कुणी नेत नाही. पण त्यात खूश होऊ नका. तुमचं प्रकरण जातीचं नाहीच."

माझं प्रकरण कशाचं आहे ते तिसऱ्या दिवशी कळलं. पोरग्याच्या भावानं पोलिसांत अर्ज दिला होता. दिला त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी मात्र सगळे कागद, परिपत्रकाच्या बातम्यांच्या प्रिंटा, न्यायालयाच्या निकालाच्या बातम्या असा गठ्ठा घेऊन गेलो. साहेबांनी गठ्ठ्याला हातही लावला नाही.

"जात राहू दे हो. फाटक उघडं कुणी ठेवलं?"

"उघडं नव्हतं साहेब, लोटलेलं होतं."

"कडी?"

मी गप्प. मग म्हणालो, "कडी बसत नाही. दोन सूत फरक आहे."

"किती दिवस?"

"आठ महिने."

ते लिहून घेत होते ते बघून माझ्या लक्षात आलं, आपण स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून बसलो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ शकते, आणि ते टाळण्यापुरता बंदोबस्त माणसानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड हजार रुपयांपर्यंत. कलमात कुत्रा हा शब्दसुद्धा नाही, जनावर आहे. मारका बैल, लाथाड म्हैस, सगळं त्यात येतं. जातीचं नाव शोधत मी रात्रभर जागलो आणि कायदा विचारत होता कडीबद्दल.

भाच्याला म्हटलं, 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी तरी लावायची होती. तो हसला. "पाटीनं जबाबदारी जात नाही मामा. उलट कुत्रं धोक्याचं आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं, हेच तुमच्या भिंतीवर लिहिलेलं सापडलं असतं."

घरी आलो ते रागातच. दोन फुटांची साखळी आणली आणि ब्रूनोला जिन्याखाली बांधला. संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर तपासायला आले, त्यांनी साखळी बघितली आणि मला म्हणाले, "आता दुसरा गुन्हा करताय." प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं येतं, आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणंही येतं. पहिल्या वेळेस दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत भडंगाचं एक पाकीट येतं, पण मुद्दा दंडाचा नव्हता. बांधून बांधून कुत्रं जास्त चिडतं, आणि एक दिवस साखळी तुटते तेव्हा समोर कोण असेल सांगता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. पंचेचाळिसाव्या दिवशी आणलं हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही. भावंडांशी खेळताना दात किती जोरानं लावायचा हे पिल्लू शिकतं, आणि आमचा त्या शाळेतून लवकर काढलेला. मी मुलाला फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दहा दिवस ब्रूनोला नजरेखाली ठेवायचं होतं. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल तर दहा दिवसांत त्या कुत्र्यावर लक्षणं दिसतात, ते मरतं. म्हणून दहा. आणि कुत्रं ठणठणीत दिसतंय म्हणून माणसाची लस थांबवायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. त्या दहा दिवसांत राहिलेली लसही द्यायची नव्हती, म्हणजे अंग गरम झालं तर ते लसीमुळं की कशामुळं असा घोळ नको. मी रोज सकाळी सहाला उठून त्याच्यापुढं पाण्याचं भांडं ठेवायचो आणि तो पितोय का बघत बसायचो. घशाखाली पाणी जाताना बारीक आवाज होतो. पन्नाशी उलटलेला माणूस उकिडवा बसून कुत्र्याच्या पाणी प्यायचा आवाज ऐकतोय. बायको चहा घेऊन यायची आणि काही न बोलता आत जायची.

या दहा दिवसांतच पोरग्याला दोनदा सिव्हिलला नेलं. तो माधवनगरला राहतो. सातव्या दिवशी यायला तयार नव्हता, जखम भरलीय, एक दिवस गेला की रोज बुडतो. रोज मी दिला, पेट्रोल माझं, आणि येताना स्टँडजवळ मिसळ. गाडीवर मागं बसून म्हणाला, "काका, एक सांगू का? तुम्ही मागं एकदा म्हणाला होता, काही करत नाही तो. म्हणून मी पळालो नाही त्या दिवशी." मला उत्तर सुचलं नाही. कोल्हापूर रोडचा सिग्नल लागला होता, मी हिरव्याची वाट बघत राहिलो.

दहावा दिवस उजाडला, ब्रूनोनं पाणी प्यायलं, भाकरी खाल्ली आणि माझी चप्पल पळवली. डॉक्टरांनी बघून दाखला लिहून दिला, अकराव्या दिवशी लस. महापालिकेत नोंदणीचा अर्ज दिला, सोबत लसीचा दाखला, आधार, घरपट्टीची पावती आणि कुत्र्याचा फोटो, आवक क्रमांकाचा शिक्का मारून प्रत घेतली. नसबंदी पुढच्या महिन्यात केली. त्यानं चावणं बंद होतं असं नाही, डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं, पण बाहेर पळायची ओढ कमी होते.

मुसकीला जास्त वेळ लागला. लहानपणी मळणीच्या बैलाला दोरीची मुसकी घालताना बघितली होती, ही तशीच जाळीची. कापडी पट्टी घ्यायची नाही, कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं तेव्हाच त्याचं अंग थंड होतं, सांगलीच्या उन्हात तोंड आवळलेलं कुत्रं फार वेळ टिकायचं नाही. आधी जाळीच्या आत दही लावून नुसती समोर धरली. चौथ्या दिवशी त्यानं आपणहून तोंड घातलं. आता मुसकी दिसली की जिभल्या चाटतो.

पोलिसांत दोघांचेही जबाब झाले. बुडालेला रोज, औषधं, फाटलेली पँट मी भरून दिली, आणि फाटक दुरुस्त केल्याचा फोटो दाखवला. भाऊ फोटो बराच वेळ मोठा करून बघत होता. मग अर्ज पुढं चालवायचा नाही असं त्यानं लिहून दिलं. मी नशीबवान, एवढंच. जखम पोटरीऐवजी गळ्याला असती तर हे सगळं लिहायला मी वेगळ्या जागी बसलो असतो.

फाटकाचं काम सव्वा तासाचं निघालं. खांबाला हात लावलाच नाही, माती पुन्हा हलणारच. वर्कशॉपमध्ये कडीसाठी भोकाऐवजी लांबट खाच असलेली पट्टी काढली, खांब दोन सूत इकडं तिकडं गेला तरी दांडा आत पडतो. आणि स्प्रिंग लावली, फाटक आपोआप मिटतं. पहिल्यांदा कडी खाडकन पडली तेव्हा ब्रूनोनं कान टवकारले.

अठ्ठाविसाव्या दिवसाचं इंजेक्शन झाल्यावर पोरग्याला घरी जेवायला बोलावलं. तो फाटकापर्यंत आला, कडी हलवून बघितली, आत मात्र आला नाही. बायकोनं ताट झाकून बाहेर नेलं, समोरच्या ताईंच्या पायरीवर बसून जेवला. अजूनही आमचं पार्सल असलं की गाडी रस्त्याच्या पलीकडं लावतो आणि तिथूनच फोन करतो. "काका, आलोय." मी बाहेर जातो, फाटक मिटल्याचा आवाज ऐकतो आणि मग रस्ता ओलांडतो.