ओळखीच्यांनाही का अडवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं शाळेच्या गेटवर रोज कुणीतरी विचारतंच. ‘अहो मावशी, रोज बघता ना आम्हाला? मग पोराला न्यायला कार्ड कशाला?’ बघते की. तुमच्या नातवाचा विसरलेला डबा मीच वर्गात पोचवते. तरी कार्ड दाखवा.

अनोळखी माणूस गेटपाशी घुटमळला तर चार पालकच त्याला हटकतात, त्याला मी कशाला हवी? बदलापुरात ऑगस्ट 2024मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारासाठी ज्याला धरलं, तो शाळेतलाच कंत्राटी सफाई कर्मचारी होता. मग सरकारने महिन्याभरात सीसीटीव्ही लावा म्हणून फर्मान काढलं. आमच्याकडेही लागले. पण कॅमेरा कुणाला अडवत नाही.

एक दुपार सांगते. दुसरीतल्या मुलीचे वडील आले. आईने शाळेला लेखी दिलेलं, माझ्याशिवाय कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. त्यांच्या घरात काय चाललं होतं, मला ठाऊक नाही. वडील म्हणाले, ‘माझी आई जायला टेकलीय, हिला एकदा बघायचंय तिला.’ मुलीच्या आईचा फोन लागेना. मोठ्या मॅडम म्हणाल्या, लेखी आहे तसंच करा. मुलगी जाळीतून बोटं बाहेर काढून ‘बाबा, चल ना’ करत होती. त्यांनी ती बोटं धरली. मी धरू दिली. खरं तर तेही नियमात बसत नाही. मग त्यांनी खिशातून हॉस्पिटलचा कागद काढला, घामाने ओला झालेला, घडीवर फाटत आलेला. नाव, वय, आयसीयू, सगळं मी वाचलं. मला तो खराच वाटला. कडी काढली नाही.

फोन संध्याकाळी लागला. तोवर आजी गेली होती.

‘बरोबरच केलंत’ म्हणतात सगळे. म्हणायला काय जातं! नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, पोर बापाला बिलगलं की कागद कसले बघायचे? तेव्हाच्या मला आज सांगते, बाई गं, बिलगणं म्हणजे परवानगी नव्हे. ती उलट विचारते, मग आईची चिठ्ठी खरी आणि तो आयसीयूचा कागद खोटा? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि संशय नुसता तुमच्यावरच घेतात असं नाही हं. 2017मध्ये गुरुग्रामच्या शाळेत मुलाचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी आधी बसच्या कंडक्टरला उचललं. पुढे सीबीआयच्या तपासात तो निर्दोष निघाला. आमच्याकडे काही झालं तर पहिली चौकशी माझीच होणार. होऊ दे.

कार्ड हरवलं असेल तर ऑफिसात अर्ज द्या, सोबत फोटो लागतो. आणि आजोबांना पाठवणार असाल तर त्यांचंही नाव घाला.