वचन अंगी लागायला पाहिजे

बेळगावात सकाळी उठून मोबाईल हातात घेतला की मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर बायबलमधल्या वचनांची रांग लागलेली असते, फुलांचा फोटो, उगवता सूर्य, त्यावर मोठ्या अक्षरात एक ओळ आणि खाली आमेन आमेन आमेन. पाठवणारे प्रेमानं पाठवतात, दवाखान्यात पडलेल्या माणसाला त्यातली एखादी ओळ दिवसभर धीर देते हे मी स्वतः बघितलंय, म्हणून त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. पण कितीतरी दिवस मनात आहे ते आज लिहूनच टाकतो. इतकी वचनं रोज डोळ्यांखालून जातात, रविवारी भक्तीत ऐकतो, घरसभेत ऐकतो, गाडीत बसलं की यूट्यूबवर संदेश चालूच असतात, आणि तरी बऱ्याच जणांचा विश्वास बाप्तिस्म्याच्या दिवशी जेवढा होता तेवढाच राहतो. खाणं भरपूर आहे, अंगी लागत नाही.

आता ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरणारं वचन कुठलं म्हणाल तर यिर्मया 29:11, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि तो आपल्याला आशा देणार आहे, ते. दहावीच्या परीक्षेला, लग्नाला, नवीन घराला, सगळीकडे हेच. गोड आहेच ते. पण नुसता कुंदा खाऊन बेळगावचा कुठला माणूस जगलाय? पाहुणे आले, पोरगी पास झाली की पावशेर कुंदा आणायचा, बाकी रोजचं पोट भाकरी-आमटीवरच. तसं त्या एका ओळीच्या मागेपुढे जी भाकरी आहे ती आपण खातच नाही.

जरा मागं जाऊन 28 वा अध्याय काढा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जोखड मोडणार, सगळे घरी परत येणार. लोकांना किती बरं वाटलं असेल ते ऐकून! आणि यिर्मया हा दुसरा संदेष्टा यरुशलेमहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पत्र लिहितो ते बरोबर त्याच्या उलट. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोरांची लग्नं करा, कारण सत्तर वर्षं जाणार आहेत. सत्तर! म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या किती तरी जणांना यरुशलेम परत बघायला मिळणार नव्हतं, आणि त्याच लोकांना सांगितलंय की देवाचे संकल्प हिताचे आहेत. हे कळलं की 29:11 चा अर्थच बदलून जातो. माझं काम या महिन्यात होणार असं ते वचन म्हणतच नाही, माझ्या हयातीत झालं नाही तरी देव चांगलाच आहे असं म्हणतंय. असलं वचन पचवलेला माणूस नोकरी गेली तरी मोडत नाही.

आणि त्याच पत्रात, त्या गोड ओळीच्या चारच ओळी आधी, असं आहे की ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलंय त्या नगराच्या शांतीसाठी झटा आणि त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीतच तुमची शांती आहे. ही ओळ मी कधी कुठल्या फुलाच्या फोटोवर बघितलेली नाही. आमच्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला तर ही आधी पाठ पाहिजे. 1 नोव्हेंबर जवळ आला की शहरात काय वातावरण असतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको, एकीकडं कर्नाटक राज्योत्सव, एकीकडं मराठी माणसांचा काळा दिवस, आणि आमच्या मंडळीत मराठीवाले आणि कन्नडवाले एकाच बाकावर. त्या आठवड्यात यिर्मया 29:7 मोठ्यानं वाचून दोन्ही भाषांत प्रार्थना केली की काय होतं ते मी बघितलंय, माणसं भक्ती संपल्यावर पटकन निघून जात नाहीत, थांबतात, एकमेकांच्या घरचं विचारतात. माझ्या मते आत्मिक वाढ म्हणतात ती अशीच दिसते. ती मोजायला दुसरं काही लागत नाही.

निर्गम 16 मधला मान्ना, रानात देवानं इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, आपल्या सगळ्यांना संडे स्कूलपासून माहीत आहे. रोज सकाळी उठून गोळा करायचा, ज्याला जेवढा लागतो तेवढाच, आणि उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा दिवस शब्बाथ, विसाव्याचा. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. आणि याच मान्न्याचा दाखला देऊन बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, 8:3 मध्ये, मोशे सांगतो की माणूस फक्त भाकरीनं जगत नाही, देवाच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक वचनानं जगतो. प्रभू येशूनं रानात चाळीस दिवस उपाशी असताना सैतानाला दिलेलं उत्तर तेच आहे. विचार करा, पोटात अन्नाचा कण नाही, समोर धोंड्यांच्या भाकरी करून खा म्हणणारा उभा, आणि त्या वेळी तोंडातून निघतं ते अनुवादातलं वचन, एकदा नव्हे, तिन्ही परीक्षांची तिन्ही उत्तरं अनुवादातूनच. ते आधीपासून आत होतं म्हणून वेळेला बाहेर आलं. आपण रविवारचं एक प्रवचन शनिवारपर्यंत पुरवायला बघतो, आणि मंगळवारी घरात भांडण झालं की तोंडातून भलतंच काहीतरी निघतं.

आता दूध आणि जड अन्न. पेत्र म्हणतो की नवीन जन्मलेल्या बाळासारखी निर्भेळ दुधाची ओढ धरा, म्हणजे वाढाल. दूध वाईट नाही, नवीन विश्वासणाऱ्याला तेच द्यायचं. पण इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लेखक चांगलाच रागावलेला आहे, एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला पाहिजे होता आणि तुम्हाला अजून मुळाक्षरंच शिकवावी लागतायत, म्हणतो. आणि पुढे एक गोष्ट सांगतो ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, की जड अन्न प्रौढांसाठी आहे, आणि प्रौढ कोण, तर ज्यांना सरावानं चांगलं-वाईट ओळखता येतं ते. सरावानं! जास्त अध्याय वाचले म्हणून प्रौढ, जास्त वचनं पाठ म्हणून प्रौढ, असं तो म्हणत नाही. वाचलेलं वापरलं पाहिजे, मगच पचतं.

याचं जितंजागतं उदाहरण आमच्या घरसभेत आहे. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारे एक अण्णा आहेत, खानापूरकडचे, शाळा जेमतेम शिकलेले. त्यांच्याकडं मत्तयाचं शुभवर्तमान एवढंच एक छोटं पुस्तक आहे, खिशात मावणारं, ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्याबरोबर नेतात, कारण मोल्डिंगच्या काळ्या वाळूचे हात कितीही धुतले तरी पानांवर बोटं उमटतातच. सेकंड शिफ्टला जेवणाची सुट्टी झाली की आधी डबा, मग हात धुऊन पुसून ती पिशवी सोडायची आणि चार-पाच ओळी वाचायच्या, बोट ठेवून, ओठ हलवत. पुढच्या दिवशी परत त्याच ओळी. पुढं जायची घाईच नाही. मत्तय 5 ते 7 मधल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात ते कितीतरी दिवस अडकून होते.

एका गुरुवारी घरसभेत त्यांनी ते पुस्तक माझ्यासमोर धरलं, मत्तय 5:23 वर अंगठा ठेवून. "सर, हितं बघा की. तू वेदीवर अर्पण आणतोयस आणि तुला आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि जा म्हणतंय. पण काय आठवलं? माझ्या मनात भावाबद्दल काय हाय ते नव्हे. भावाच्या मनात माझ्याबद्दल काय हाय ते!" मी ते वचन लहानपणापासून ऐकत आलोय, पण इतकं बारकाईनं मला कुणी दाखवलं नव्हतं. त्यांचं आणि थोरल्या भावाचं भाताच्या शेताच्या बांधावरून वाकडं होतं, बोलणं बंद. ते म्हणायचे मी तर कधीच माफ केलंय, माझ्या मनात काही नाही. आणि आता शास्त्र विचारत होतं भावाच्या मनाचं.

पुढच्या सुट्टीला ते गावाला गेले. भावानं फारसं काही विचारलं नाही, बस म्हणाला, वहिनीनं चहा दिला, पावसाचं बोलणं झालं. बांधाचा निकाल अजून लागलेला नाही. पण दोन घरांतली पोरं आता एकमेकांकडं जायलीत, आणि सुगीच्या भक्तीला अण्णांनी अर्पण म्हणून रताळ्यांचं पोतं आणलं तेव्हा सांगितलं की यातली अर्धी रताळी भावाच्या रानातली आहेत. भक्तीनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यात ते पोतं कितीला गेलं ते आठवत नाही, पण अर्पण वेदीपाशी आलं तेव्हा भाऊही त्यात होता हे मी विसरणार नाही.

असं सावकाश वाचणारे आपल्या मराठीत आधीपण होऊन गेलेत. 1893 मध्ये नारायण वामन टिळक रेल्वेनं राजनांदगावला निघालेले, डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. वाचत वाचत ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच थबकले, त्याच तीन अध्यायांनी त्यांना धरून ठेवलं. बाप्तिस्मा झाला 1895 ला. आणि टिळक तर नगर-नाशिककडचे, आपल्या घरचंच नाव घ्यायचं तर बाबा पदमनजी. 1831 ला जन्म इथं बेळगावात, शिक्षण इथल्याच मिशनच्या शाळेत, आणि 1854 मध्ये बाप्तिस्मासुद्धा बेळगावातच. पुढं सगळं आयुष्य मराठीत लिहिण्यात घालवलं. आमच्या तरुण पोरांना अमेरिकेतल्या प्रचारकांची नावं तोंडपाठ आहेत आणि हे नाव माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोरांवरून आठवलं, इथल्या घरांतली एक खरी अडचण आहे. आई-वडील मराठी बायबल वाचतात, पोरं कन्नड नाहीतर इंग्रजी मीडियमला, देवनागरी वाचताना अडखळतात, मग कौटुंबिक प्रार्थनेला ती नुसती डोळे मिटून बसतात आणि मोठी झाली की तेवढंपण बसत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, ज्याला ज्या लिपीत वाचता येतं त्याला त्यात वाचू द्या. आजीनं मराठीत एक ओळ वाचावी, नातवानं तीच कन्नड सत्यवेदातून, म्हणजे कन्नड बायबलातून, वाचावी, नसेल तर मोबाईलवर ऑडिओ बायबल लावा, मराठीत आहे, कन्नडमध्येपण आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायला इतकी वर्षं घातली, 1922 मध्ये अगदी मरणापर्यंत ते काम हातात होतं, ते कशासाठी? साध्या बायकांना स्वतः वाचता यावं, कळावं म्हणून. आपल्या घरातल्या लेकराला कळत नसेल तर आपण त्याच्या भाषेकडं चालत जायचं.

सुरुवात कुठून करायची असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं, मार्क. सोळा अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि सारखी धावपळ. उत्पत्तीपासून सुरू करून लेवीयात अर्पणांच्या नियमांपाशी थांबलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत, ते पुस्तकही वाचायचंच, पण आधी येशूची ओळख होऊ द्या मग त्या अर्पणांचा अर्थ कळतो. सगळ्या बायबलचे 1,189 अध्याय आहेत, रोज तीन-चार वाचले तर वर्षात होतं, जमत असेल तर अवश्य करा. नाही जमलं तर चार ओळीच वाचा पण रोज, आणि एकच प्रश्न विचारा, आज यातलं मी कुणाशी कसं वागून दाखवू. आणि कुणी स्टेजवरून किंवा यूट्यूबवरून मोठं काही सांगितलं, अमुक इतकं द्या म्हणजे दुप्पट मिळेल वगैरे, तर घरी येऊन शास्त्र उघडून बघा. बिरुयाचे लोक तर साक्षात पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात शोधून बघायचे, आणि प्रेषितांची कृत्ये 17 मध्ये त्यांची वाहवाच केलेली आहे.

एकट्यानं वाचायचंच, पण चार माणसांत वाचलं की जास्त पचतं हा माझा अनुभव. नहेम्या 8 मध्ये पाणीवेशीसमोरच्या चौकात सगळे जमलेत, पुरुष, बायका, कळण्याइतकी मोठी झालेली पोरं, एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतोय आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमलेल्या माणसांमध्ये फिरून अर्थ समजावून सांगतायत. लोक रडायला लागतात. तेव्हा त्यांना काय सांगतात, रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाढून पाठवा. वचन कळलं आणि लगेच शेजारच्या घरात ताट गेलं! म्हणून आमच्या घरसभेत आता वाचन झालं की जेवणपण असतं, साधंच, ज्याच्या घरी सभा त्यानं भात-आमटी करायची, आणि गल्लीत कुणी आजारी असेल, एकटं असेल तर आधी त्यांचा डबा भरायचा, मग आपली पानं.

येत्या गुरुवारपासून आम्ही फिलिप्पैकरांस पत्र घेतोय, चारच अध्याय आहेत, पौलानं बंदीत असताना लिहिलेलं आणि तरी पानापानावर आनंद. वाचन मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही असणार, संध्याकाळी साडेसातला, सेकंड शिफ्टवाल्यांसाठी रविवारी दुपारी तोच भाग परत. बायबल नसेल तरी या, एक-दोन जास्तीची ठेवलेली असतात. पहिल्या दिवशी पहिल्या अध्यायाच्या फक्त 11 ओळीच घेणार आहोत, घरून एकदा वाचून आलात तर बरं.