कारखान्याच्या भंगारातले दोन वायरलेस सेट अन रीड न होण्याची भानगड

मोबाइल यायच्या आधी आमच्याकडं साखर कारखान्याचं निम्मं काम वायरलेसवर चालायचं. गट ऑफिसातून काट्यावर, काट्यावरून शेतकी अधिकाऱ्याच्या जीपमधे, कुठल्या फडात टोळी आहे अन किती गाड्या भरल्यात ते सगळं. नंतर सगळ्यांच्या खिशात फोन आले अन सेट गोडाऊनला गेले. तसलेच दोन सेट, मोटोरोला जीएम ३००, मागच्या दिवाळीनंतर लातूरला एका भंगारवाल्याकडं दिसले, वरून धुळीचा थर, एकाचा माइक तुटलेला. मी दोन्ही उचलले.

आधीच सांगतो, माझ्याकडं हॅम लायसन्स आहे, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना, म्हणून घेतले. तुमच्याकडं लायसन्स नसेल तर स्वस्तात मिळतोय म्हणून असला सेट घरी आणू नका, परवाना नसताना वायरलेस सेट नुसता जवळ ठेवणं हेच बेकायदेशीर आहे, बोलणं तर लांबच.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हॅमच्या सेटवर बटन फिरवलं की फ्रिक्वेन्सी बदलते, या कमर्शियल सेटवर तसलं काहीच नाही. चॅनल, टोन, पॉवर, एकदा बटन दाबल्यावर किती वेळ बोलता येईल, सगळं कॉम्प्युटरवरून आत भरायचं, अन चालवणाऱ्यानं फक्त चॅनल निवडून बोलायचं. कारखान्याच्या ड्रायव्हरच्या हाताला बरोबर होतं ते. पण जीएम ३०० चं सॉफ्टवेअर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या काळातलं आहे, अन कॉम्प्युटर अन सेटच्या मधे एक छोटा डबा लागतो, त्याला रिब म्हणतात, रेडिओ इंटरफेस बॉक्स. कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टचं व्होल्टेज उलटसुलट प्लस-मायनस असतं अन सेटला शून्य ते पाच व्होल्टच चालतं, ते बदलून द्यायचं काम या डब्याचं.

पहिल्या रात्री लॅपटॉप, यूएसबी टू सिरियल केबल, रिब, सेट असं सगळं जोडलं अन रीड दाबलं, म्हणजे सेटमधे भरलेलं कॉम्प्युटरवर वाचून घ्यायचं. एरर. सेट उत्तरच देईना. परत, परत, वीस-पंचवीस वेळा तरी दाबलं असंल. मग माझ्या डोक्यात बसलं की सेटमधली मेमरीच गेली, इतकी वर्षं गोडाऊनच्या ओलीत पडून होता, जाणारच की. दुसऱ्या रात्री सेट उघडला, बोर्ड साफ केला, भिंग घेऊन एकेक जोड बघत बसलो. तिसऱ्या रात्री सोल्डरिंग गन तापवून मेमरीची चिप काढायला बसलो होतो अन तेवढ्यात लाइट गेली. लाइट गेली ते लै बरं झालं, कारण सेटमधे काहीच बिघाड नव्हता, मी चांगली चिप काढली असती.

दुसऱ्या दिवशी शांत डोक्यानं उलट्या बाजूनं सुरुवात केली, कॉम्प्युटरकडून सेटकडं. यूएसबी केबलच्या नऊ पिनच्या टोकाला २ नंबर अन ३ नंबरची पिन वायरच्या तुकड्यानं जोडायची अन टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडून काहीतरी टाइप करायचं. पोर्ट चांगला असंल तर टाइप केलेलं अक्षर फिरून परत स्क्रीनवर येतं. फ्लो कंट्रोल बंद ठेवा, नाहीतर चांगला पोर्ट पण खराब वाटतो. माझं एक अक्षर परत आलं नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर केबलच्या नावापुढं पिवळा त्रिकोण अन कोड १०, म्हणजे केबल चालूच होत नाही. म्हणजे तीन रात्री मी ज्या सेटला दोष देत होतो त्याच्यापर्यंत सिग्नलच गेला नव्हता! केबलमधली चिप नकली असली की नव्या ड्रायव्हरवर असं होतं. ड्रायव्हर जुना टाकला की काही केबल चालतात, माझी पण चालली, अक्षरं परत यायला लागली. तरीबी रीड होईना.

इथं डॉसचा प्रश्न येतो. हे जुनं सॉफ्टवेअर विंडोजला विचारत बसत नाही, सरळ सिरियल पोर्टच्या हार्डवेअरशी बोलतं, अन यूएसबीवाला पोर्ट त्याला पोर्टच वाटत नाही. डॉसबॉक्स म्हणून डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे, त्याच्यात खरा पोर्ट जोडून द्यायची सोय आहे, कोणाकोणाचं त्यावर काम होतं, माझं झालं नाही. शेवटी मावसभावाच्या बंद पडलेल्या नेट कॅफेतला जुना डेस्कटॉप आणला, मागं खराखुरा सिरियल पोर्ट असलेला, अन सीडीवरून नुसतं डॉस चालू केलं. त्याच्यावर पण एकदा रीड व्हायचं, चारदा नाही. मशीन जास्त फास्ट, सॉफ्टवेअरचं टायमिंग जुन्या ४८६ प्रोसेसरच्या जमान्यातलं. बायोसमधे जाऊन प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याचा वेग वाढवणारी मेमरी, बंद केली, कॉम्प्युटर गोगलगाईसारखा झाला, अन तेच पाहिजे होतं.

पण मग होत असलेलं रीड पण बंद झालं. आता काय? रिबमधली ९ व्होल्टची बॅटरी. मीटर लावला तर ६.८. त्या डब्याला स्वतःची पॉवर लागते हे मला माहीत होतं, पण नवीन बॅटरी आहे असं मनात धरून चाललो होतो, महिन्याभरापूर्वी टाकलेली, डबा चालूच राहिला असणार. आता अ‍ॅडॅप्टर लावलाय. अन माइकच्या सॉकेटमधे जाणारा आठ पिनचा प्लग घरी क्रिंप करणार असाल तर पिन कुठल्या बाजूनं मोजायची ते दोनदा बघा, दिसतो लॅनच्या प्लगसारखा, उलटा मोजला की सेटची पॉवर नको त्या वायरवर जायची.

रीड झाल्याबरोबर मला लगेच आपल्या फ्रिक्वेन्सी भरायची घाई झाली होती, पण आधी जशी आली तशी फाइल सेव्ह केली, पेन ड्राइव्हवर दोन ठिकाणी. हे कुणीच चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. त्या फाइलीत नुसते चॅनल नसतात, त्या एका सेटचं फॅक्टरीतलं ट्यूनिंग पण असतं, प्रत्येक सेटचं वेगळं. एकाची फाइल दुसऱ्यात सरळ ओतली तर पॉवर अन डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती हलते ते) बिघडू शकतं, अन मग सर्व्हिस मॉनिटर, म्हणजे सेट तपासायचं मशीन असलेला माणूस शोधत फिरा.

राइट करताना, म्हणजे फाइल सेटमधे भरताना, लाइटचा भरवसा नाही म्हणून सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ठेवला. राइट अर्ध्यात तुटलं तर सेट मुका होऊन बसतो, आमच्याकडं तर आभाळ आलं तरी लाइट जाते. कॉम्प्युटरला यूपीएस.

पहिल्या सेटनं १४५.५०० मेगाहर्ट्झ घेतलं. दुसऱ्यानं घेईना. केबल तीच, डबा तोच, रीड झकास होतंय, फ्रिक्वेन्सी टाकली की नकार. हा बिघाड नव्हताच. जीएम ३०० व्हीएचएफमधे दोन प्रकारचे येतात, १३६ ते १६२ अन १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ, अन आपल्या हॅमवाल्यांचा टू मीटर बँड १४४ ते १४६. दुसरा सेट वरच्या रेंजचा निघाला. सॉफ्टवेअरला फसवून खालची फ्रिक्वेन्सी घालणारे आहेत, पण नुसता नंबर आत गेला म्हणून रिसीव्हर तिथं नीट ऐकंल असं नाही, रिट्यून करावं लागंल. तो सध्या तसाच ठेवलाय. जुना सेट घेताना पैसे द्यायच्या आधी मागचं लेबल वाचा, मी वाचलं नव्हतं.

पहिला सेट बोलायला लागला, अंबाजोगाईच्या मित्राला माझा आवाज स्वच्छ, बालाघाटाच्या उंचीवर असल्यानं त्याच्याकडून सिग्नल पण जोरात यायचा, पण माझ्या स्पीकरमधे शांतता. परत पोटात गोळा. मॉनिटरचं बटन दाबलं, टोन न बघता सगळं ऐकवणारं, अन त्याचा आवाज खणखणीत आला! म्हणजे रिसीव्हर ठीक, कारखान्याच्या काळातला टोन चॅनलवर तसाच राहिलेला, तो टोन ज्याच्या सिग्नलमधे नाही त्याला सेट आत घेईना. रिसीव्हचा टोन काढून टाकला, पाच मिनिटांचं काम. त्याच पानावर चॅनल बिझी असताना ट्रान्समिट बंद ठेवायची सेटिंग असते, ती पण बघून घ्या, नाहीतर बटन दाबतोय पण आवाज जात नाही म्हणून माइक उघडून बसाल.

एवढी खटपट कशाला, असं घरचे पण विचारतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमचे वडील औश्याकडं होते, अन ते जिवंत आहेत एवढं कळायला घरच्यांना दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात आमच्या गावची लाइट गेली अन टॉवर पण गेला. बॅटरीवर चालणारे दोन सेट दोन गावांत असावेत एवढंच माझं म्हणणं आहे, अन गोडाऊनमधे तसले किती पडलेत देव जाणे.

सेट चालू झाल्याचं कळल्यावर शेजारचे मामा आले, कारखान्यात गट ऑफिसला वायरलेसवर बसायचे ते. मी त्यांना ती जुनी फाइल उघडून दाखवली, चार चॅनल. नावं नाहीत, नुसते आकडे. मामा म्हणले, "एक नंबर काटा, दोन गट ऑफिस, तीनवर जीपा. चार साहेबांचा, त्याच्यावर आपुन बोलायचं नाही." माइक हातात घेतला, बटनावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही, लायसन्स लागतं हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत. मग विचारलं, परीक्षेला मोर्स येणं लागतं का रे? म्हणलं मामा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, हॅमच्या खालच्या परवान्याला, लागत नाही.

परीक्षेचं पुस्तक सध्या त्यांच्याकडं आहे.